प्रकल्प नोंदी: ६५० च्या ट्विनवरून काकाच्या स्प्लेंडरवर

१४ जानेवारी २०२४, रविवार

परवा रायबंदरच्या धक्क्यावर माझी ६५० सीसीची, दोन सिलिंडरची गाडी पडली. संध्याकाळची वेळ, ओहोटी पूर्ण लागलेली, म्हणजे फेरीबोट खाली गेलेली आणि रॅम्पचा जो भाग एरवी पाण्यात असतो तो उघडा पडलेला, हिरवागार शेवाळलेला. पुढच्या स्कूटरने ब्रेक मारला म्हणून मी पण मारला, डावा पाय टेकवला आणि पाय सरकला. वेग जवळजवळ शून्य होता. दोनशे किलोच्या वरची गाडी एकदा कलायला लागली की तिला धरायचं नसतं, बाजूला व्हायचं असतं, तेवढं सुचलं म्हणून पाय वाचला. लेग गार्डवर पडली, क्लचचा लिव्हर वाकला, बाकी काही नाही. फेरीचा खलाशी, एक पिवळ्या मडगार्डवाला पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) आणि मी अशा तिघांनी मिळून उचलली. खलाशी म्हणाला, "खूब जड मरे ही."

गाडीत खोट नाही. चार वर्षं चालवली, बेळगाव, कोल्हापूर, एकदा हंपी, कुठेही अडली नाही. पण माझं रोजचं काय आहे, मयेहून चोडण, चोडणहून फेरी, रायबंदरला उतरायचं, मग तो जुना पूल म्हणजे पोंत द लिन्यारिस, आणि पणजीतलं पाटो. संध्याकाळी हेच उलटं. त्यात चौथ्याच्या वरचा गिअर क्वचित लागतो, सहावा तर कधीच नाही.

रात्री झोप येत नव्हती म्हणून वहीत लिहायला बसलो की या चार वर्षांत कुठे कुठे जायचं बंद झालं. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला बांध, काकासोबत मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे बघायला जायचो तो. आजोळची शेतातली वाट. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कारण तिथे गाडी घुसवली तर परत काढायला कोणीतरी मागून ओढायला लागतं. हे सगळं मी कधी ठरवून बंद केलेलं नाही, आपोआप बंद झालं. लांबचं जग मिळालं आणि घराभोवतीचं सुटलं. ते वाचून खरंच वाईट वाटलं.

तर ठरलं. हलकी गाडी. आणि नवीन घ्यायची नाही, काकाच्या पडवीत एक आहे.

२१ जानेवारी, रविवार

काकाची हिरो होंडा स्प्लेंडर, २००३ ची, काळी. लॉकडाऊन लागलं तेव्हा डबल स्टँडवर उभी केली ती उभीच, नंतर त्याचे गुडघे गेले आणि विषय संपला. वर ताडपत्री, ताडपत्रीवर न सोललेल्या नारळांची दोन पोती. काकी म्हणाली सोलून झाले की देते. मी म्हटलं काकी मीच हलवतो.

काकाला विचारलं तेव्हा तो बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "ने. पण उभी ठेवणार असशील तर नेऊ नको, उभी ती इथेपण आहे."

टेम्पो बोलवायची गरज पडली नाही. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि काकाच्या मुलाने, पुढचं चाक आणि मागचं कॅरियर धरून तीन पायऱ्या उतरवली. उचलून! हे फोटो काढून ठेवण्यासारखं होतं. चेन जाम होती त्यामुळे मागचं चाक फिरत नव्हतं तरी अंगणापर्यंत ओढत नेली, घाम पण फारसा आला नाही.

अवस्था: एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर, आत कापूस, भाताचं तूस आणि कोणाच्या तरी चड्डीचं इलॅस्टिक. टाकीत तळाला चहाच्या रंगाचं पेट्रोल, वास वार्निशसारखा. टायरच्या बाजूंना भेगा. मागच्या रिमला आणि स्पोकना खाऱ्या हवेचा गंज. सायलेन्सर खालच्या जोडापाशी बोटाने दाबला तर आत गेला. इंजिन मात्र किकला फिरलं, कॉम्प्रेशन हाताला लागलं. तेवढं पुरे.

२८ जानेवारी, रविवार

टाकी. आठवडाभर यातच गेला पण मजा आली. पेट्रोल कॉक काढला, तिथे रबराचा बूच मारला, आत दोन मुठी लहान नट आणि पाच लिटर पांढरं व्हिनेगर, आणि दोन दिवस जाता येता टाकी हलवायची. काकी म्हणत होती माडाचं व्हिनेगर वाया घालवू नको हा, मी म्हटलं ते जेवणाला, हे दुकानातलं. तिसऱ्या दिवशी ओतलं तर चॉकलेटी पाणी. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग हेअर ड्रायर.

इथे एक शिकलो. ड्रायरने सुकवून मी जेवायला गेलो, परत येऊन टॉर्च मारला तर आत पुन्हा नारिंगी पापुद्रा. उघडा पत्रा आपल्याकडच्या दमट हवेत तासभर पण थांबत नाही. दुसऱ्यांदा सगळं केलं आणि सुकल्या सुकल्या लगेच थोडं पेट्रोल आणि त्यात दोन चमचे इंजिन ऑइल घालून टाकी सगळीकडून फिरवली, तेलाचा थर बसला, आता राखाडी रंग टिकून आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

कार्ब्युरेटर. हे लिहून ठेवतो कारण हा आठवड्यातला सगळ्यात सुंदर अर्धा तास होता.

खालची वाटी उघडली तर आत हिरवट चॉकलेटी गोंद, फ्लोट त्यात चिकटलेला. वाटी पेट्रोलात भिजत टाकली. मेन जेट निघाला, फुंकर मारली, साफ. पायलट जेट काढला, शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा, मधून केसाएवढं भोक. खिडकीकडे धरून बघितलं तर अंधार. फुंकर मारली, अंधार. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये ठेवला, सकाळी बघितला, अंधारच. सुई घालायची नाही कारण स्टीलने पितळ खरवडतं आणि भोक मोठं झालं की मग गाडी आयुष्यभर नीट आयडलला राहत नाही. शेवटी जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार सोलून काढली, ती दोन बोटांत धरून हळू हळू फिरवत आत घातली, अडकली, काढली, परत घातली, आणि एकदम पलीकडे निघाली. परत खिडकीकडे धरला. टाचणीच्या टोकाएवढा उजेड, पण गोल, पूर्ण गोल. बायकोला हाक मारून दाखवला.

या गाडीला स्टार्ट व्हायला बॅटरी लागत नाही, मॅग्नेटच्या कॉईलवरूनच स्पार्कला करंट मिळतो, म्हणून मेलेल्या बॅटरीसकटच प्रयत्न केला. नवीन प्लग, नवीन तेल, चोक वर, किक. बराच वेळ काही नाही. मग एकदा फट करून आवाज आला, परत शांत. चोक अर्धा केला. पुढच्या किकला लागली! आधी धूर, मग तो पातळ झाला, मग तो आवाज, जो मी चौथीत असताना आमच्या दाराशी यायचा आणि आम्हाला कळायचं की काका आला. मी थ्रॉटल धरून तसाच बसलो होतो पाच मिनिटं. फोन करून काकाला आवाज ऐकवला तर म्हणाला, "टॅपेट वाजतात."

११ फेब्रुवारी, रविवार

डिचोलीला मेस्त्रीकडे चाकं नेली, स्कूटरच्या पुढच्या फळीवर ठेवून, दोन फेऱ्या. मागची रिम बदलावी लागली, पुढची वाचली. दोन्ही टायर २.७५-१८ साइजचे. मेस्त्रीने स्पोक बांधले, मी बेअरिंग, ब्रेक लायनर, केबल घरी बदलले. टायर हातात घेऊन बघत होतो, सायकलच्या टायरचा मोठा भाऊ वाटावा असा, आणि माझ्या ट्विनचा मागचा टायर याच्या जवळजवळ दुप्पट रुंद. पार्टचं बिल दाखवलं तेव्हा बायकोने परत परत विचारलं की एवढंच का. एवढंच. काउंटरवर पार्टचं नाव घेतलं की मुलगा न बघता मागच्या खणातून काढून देतो, वाट बघणं हा प्रकारच नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व यांच्यातली गॅप. इंजिन पूर्ण थंड, म्हणून सकाळी सहाला बसलो. हेडवरची दोन्ही टोप्या काढल्या, मॅग्नेटचं झाकण काढून फ्लायव्हीलवरची टी ची खूण खाचेसमोर आणली, दोन्ही रॉकर हलतात ना बघितलं, म्हणजे कॉम्प्रेशनवरच आहे. फीलर गेजची पातळ पात मध्ये सरकवली. एक्झॉस्टला पात लोळत होती, इतकी ढिली. सेट करायचं अवघड नाही, अवघड हे की लॉकनट घट्ट करताना स्क्रू किंचित फिरतो आणि गॅप परत बदलतो, म्हणून चारदा केलं. पात ओढताना कशी लागायला पाहिजे ते शब्दांत सांगता येत नाही, जुन्या पुस्तकाच्या पानांतून पिंपळाचं पान काढताना जसं थोडं धरून सुटतं तसं.

माझ्या मोठ्या गाडीचं मी चार वर्षांत तेलपण स्वतः बदललं नव्हतं. दोष माझाच नाही म्हणता येणार, पण तिच्यापाशी पाना घेऊन बसायचं धाडस होत नव्हतं हे खरं. इथे सगळं इंजिन मांडीवर घेता येईल एवढं, ९७.२ सीसी, एक सिलिंडर, दोन व्हॉल्व. काय कुठे आहे ते दिसतं.

काकाला परत आवाज ऐकवला. "आता बरोबर."

१० मार्च, रविवार

कागद. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी काकाने एकदा पाच वर्षांसाठी वाढवलं होतं, ते मागच्या नोव्हेंबरात संपलं. फॉर्म २५ रिन्यूअलला, २९ आणि ३० नावावर करायला, पीयूसी, थर्ड पार्टी इन्शुरन्स, हरित कर, उशिराचा दंड. तीन फेऱ्या झाल्या. इन्स्पेक्शनला हॉर्न कमी वाजला, जागेवर स्क्रू फिरवून वाढवला. तोपर्यंत रस्त्यावर न्यायची नाही असं ठरवलं होतं ते पाळलं, फक्त अंगणात माडाभोवती गोल गोल.

९ एप्रिल, पाडवा

आरसी आली आहे, पूजा झाली, झेंडूचा हार हेडलाइटला, आणि पहिल्यांदा रस्त्यावर.

काय सांगू. पहिल्या वळणावरच हसू आलं. मी सवयीने मोठ्या गाडीसारखी तयारी केली, लांबून वेग कमी, खांदा टाकला, नजर पुढे, आणि गाडी वळून पण झाली होती. नुसतं तिकडे बघितलं तरी जाते. चार गिअर, चारही पुढे दाबायचे, आणि चढावर तिसऱ्यात थ्रॉटल पूर्ण उघडा. पूर्ण! मोठीचा थ्रॉटल गोव्याच्या रस्त्यावर मी एकदाही शेवटपर्यंत पिळलेला नाही, कुठे पिळणार, पुढे लगेच चर्च, शाळा, गाय, गतिरोधक. इथे पंचेचाळीसच्या स्पीडला सगळं इंजिन कामाला लागलेलं असतं, आपण सगळी गाडी वापरत असतो, तिच्यात शिल्लक काही नसतं. हे सुख मला माहीतच नव्हतं.

२१ एप्रिल, रविवार

दोन आठवडे दोन्ही गाड्या अंगणात आहेत, दोन्ही चाव्या एकाच खिळ्याला. मोठीची चावी एकदाच काढली, तीपण बॅटरी उतरू नये म्हणून.

फेरी रोज. खरी परीक्षा तीच होती. गर्दीच्या फेरीत खलाशी हाताने खूण करून एकेक दुचाकी इंच इंच पुढे सरकवतो, हँडलला हँडल लागतं. मोठ्या गाडीवर मी त्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त दमायचो, ऑफिसच्या कामापेक्षा जास्त, मांड्या भरून यायच्या. आता उतरून, एका हाताने सीट धरून गाडी बाजूला सरकवतो आणि कठड्याशी जाऊन मांडवी बघत उभा राहतो. परवा ओहोटीलाच रॅम्प चढलो. त्याच जागी पाय टेकवला, तसाच सरकला, आणि गाडी मी नुसत्या मांडीने धरली. छातीत धडधडलं थोडं, पण धरली.

आज बायको मागे. मोठ्या गाडीवर आमचं बोलणं व्हायचंच नाही, वारा आणि हेल्मेट. आज चोडणचा अख्खा रस्ता ती बोलत होती आणि मला ऐकू येत होतं. ऑफिसातल्या एका प्रकरणाबद्दल होतं, जे तिने घरी कधी काढलं नव्हतं. मग मध्येच म्हणाली, "अरे थांब थांब, निरो!" काजूच्या बोंडांचा ताजा रस घेऊन एक मावशी झाडाखाली बसली होती. मी थांबलो. तिथेच, लगेच. आणि मला आठवलं की मोठ्या गाडीवर मी दर वेळी म्हणायचो पुढे बघू, पुढे जागा मिळाली की थांबू. उतार असायचा, खडी असायची, मागून बस असायची, वळवून परत यायचं म्हणजे तीन वेळा मागे पुढे. हळूहळू तिने सांगायचंच सोडून दिलं होतं. हे मी आज विचारलं तर म्हणाली हो, उगाच तुला त्रास कशाला.

दोन ग्लास प्यायलो प्रत्येकी.

१३ मे, सोमवार

काल रात्री शिरगावला लईराई देवीची जत्रा. घरापासून जवळच, पण गेली तीन वर्षं मी चालत गेलो होतो कारण परत येताना हजार गाड्यांतून मोठी गाडी काढणार कशी. यंदा स्प्लेंडर. शेताच्या कडेला दोन स्कूटरच्या मध्ये हातभर जागा होती तिथे मागून उचलून बसवली. पहाटे होमकुंडातून धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, जाताना बघितलं, डोळे चुरचुरत होते धुराने, आणि निघताना बघतो तर पुढे आडव्या चार गाड्या लागलेल्या. मागचं कॅरियर धरून फिरवली, बांधावरून ढकलली, निघालो. पंधरा मिनिटांत घरी.

२६ मे, रविवार

६५० गेली. मडगावचा मुलगा, बरोबर त्याचे बाबा. चांगला मुलगा आहे, बसला तेव्हा चेहरा बघितला आणि मला माझाच चार वर्षांपूर्वीचा आठवला. त्याला लडाखला जायचंय. तिला तेच पाहिजे, लांब सरळ रस्ता. जाताना तिचा आवाज वळणापर्यंत ऐकला, गळा दाटून आला, खोटं कशाला सांगू. मग आत जाऊन स्प्लेंडरची चेन साफ केली.

मायलेज टाकी ते टाकी: ४२८ किमी, ६.४ लिटर. म्हणजे ६६.९. मोठी चोवीस-पंचवीस द्यायची.

९ जून, रविवार

पाऊस लागला. अरुंद टायर पाण्यातून सरळ कापत जातो, तरंगल्यासारखं वाटत नाही, पण ड्रम ब्रेकचं सांभाळायला लागतं. डबक्यातून गेलं की आत पाणी शिरतं आणि पुढचा ब्रेक पहिल्या दाबाला धरतच नाही. आता डबकं संपलं की लिव्हर हलका दाबून शंभरेक मीटर चालवतो, लायनर तापून सुकतो.

आणि हेपण लिहिलंच पाहिजे: हायवे हिचा नाही. एनएच ६६ वर पर्वरीकडे ट्रक शेजारून गेला की अख्खी गाडी हातभर सरकते, मला तिथे भीती वाटते. अटल सेतूवर तर दुचाकी नेताच येत नाही, त्यामुळे तो प्रश्न दोन्ही गाड्यांना सारखाच होता. मागच्या रविवारी दोघं मिळून चोर्ला घाट चढलो तेव्हा निम्मा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, मागे गाड्यांची रांग, तीन वेळा कडेला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. वेळ मोजून असेल तर हे जमणार नाही. आम्हाला वेळ होता.

४ ऑगस्ट, रविवार

मागचा लायनर बदलला, क्लच केबल, तेल. एक तास दहा मिनिटं, चहासकट.

२९ सप्टेंबर, रविवार

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला. काकाला विचारलं बांधावर येतोस का. त्याला मोठ्या गाडीवर कधी बसवता आलं नव्हतं, मागची सीट उंच आणि त्याचा गुडघा तेवढा वर जात नाही. आज डबल स्टँडवर लावून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन बसला. स्वतःच्याच गाडीवर पहिल्यांदा मागे.

खाजनातला बांध म्हणजे मातीचा, एका बाजूला भात पोटरीला आलेलं, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि खाडीचं पाणी. रुंदी जेमतेम माणूस आणि गाडी. पहिला गिअर, दोन्ही पाय खाली सोडून, चिखलाच्या दोन जागी काका न सांगता उतरून चालला. मानशीपर्यंत पोचलो. पाणी बाहेर जायची वेळ होती, फळ्या वर घेतलेल्या, जाळं लावलेलं, आणि काका तिथे दगडावर बसून एका म्हाताऱ्याशी जे बोलायला लागला ते तासभर. मला विसरलाच.

निघताना मी विचारात पडलो की आता वळवणार कशी, मागे मागे घेत नेऊ का. काका बसल्या जागेवरून म्हणाला, "डबल स्टँडवर घे. स्टँडखाली तो चपटा चिरा टाक आधी, नाहीतर रुतेल. आता हँडल सरळ धर, सीटला ढकल आणि फिरव." ढकलली. सगळी गाडी त्या चिऱ्यावर भिंगरीसारखी फिरली आणि तोंड घराकडे. चिऱ्याच्या मधोमध घासून गुळगुळीत झालेला एक खळगा होता. मी काकाकडे बघितलं. "वीस वर्षं," तो म्हणाला.

ओडोमीटर: ५८,३१४. पुढच्या रविवारी चेन-स्प्रॉकेट, आणि काकासाठी मागच्या फुटरेस्टला नवीन रबर.